एकहाती राजाचे दोन हात

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या चित्रात चूक सापडणं शक्य नाही. म्हणजे, मी स्वतः ठेवल्याशिवाय शक्य नाही!

गेली बावीस वर्षं मी मुलांच्या एका साप्ताहिकात 'दहा फरक ओळखा' हे पान काढतो. डावीकडे एक चित्र, उजवीकडे तेच चित्र, आणि उजवीकडच्यात मोजून दहा चुका. कुत्र्याचा पट्टा गायब, खिडकीला एक गज कमी, आजोबांच्या चष्म्याला एकच काच. नऊ नाहीत, अकरा नाहीत. बावीस वर्षांत एकाही पोराला अकरावी चूक सापडलेली नाही. स्वतःच्या चुकांवर एवढा ताबा असलेला माणूस तुम्ही दुसरा दाखवा, मी पेन्सिल खाली ठेवतो.

पण त्या पानावर माझं नाव कधी छापलं गेलं नाही. शब्दकोडं करणाऱ्याचं छापतात. कविता करणाऱ्याचं तर छापतातच, मग ती कशी का असेना. फरकवाल्याचं नाही. विचारलं की संपादकबाई म्हणायच्या, "जागा नसते हो." म्हणून मी प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक बारीकशी गोगलगाय काढतो. तीच माझी सही. आमची ही म्हणते, "तुमच्या प्रगतीचा वेग बघता प्राणी अगदी योग्य निवडलात."

आणि एक दिवस संपादकबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. नुसतं बोलावलं नाही, बसायलाही सांगितलं. बावीस वर्षांत ती खुर्ची मी फक्त उभ्याने पाहिली होती.

"आपण एकहाती राजाचं कॉमिक काढतोय," बाई म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस पानं, रंगीत. चित्रं तुम्ही करा."

एकहाती राजा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी कोणी नवखा वाचक असेल म्हणून सांगतो. आठशे वर्षांपूर्वी शत्रू येऊन ठेपला. लोक जीव घेऊन किल्ल्याकडे पळत सुटले, आणि नेमकी त्याच वेळी खंदकावरच्या उचलत्या पुलाची साखळी तुटली. राजाने तुटलेलं टोक आपल्या डाव्या हाताला गुंडाळलं आणि शेवटची म्हातारी आत येईपर्यंत पूल धरून ठेवला. पूल राहिला, हात गेला. मग तो लोकांकडे वळून म्हणाला, "डावा दिला. उजवा तुमचाच आहे." आणि पुढे तीस वर्षं त्याने त्या उजव्या हाताने राज्य केलं. चौकात त्याचा दगडी पुतळा आहे. डावी बाही रिकामी, आणि तिच्यात कबुतरांची तिसरी पिढी नांदते आहे.

"आजच्या मुलांना आवडेल असा राजा हवा," बाई म्हणाल्या. "दंड भरदार, पोशाख घट्ट, पाठीवर लाल केप. आणि मुखपृष्ठावर तुमचं नाव. मोठ्या टायपात."

मी खुर्चीच्या कडेवर सरकून बसलो.

"पण एक लक्षात ठेवा. ही परीक्षा आहे. हे जमलं, तर मागे आणखी पाच राजे रांगेत उभे आहेत, ते सगळे तुमचे. नाही जमलं, तर आपलं फरक ओळखा आहेच."

आहेच! त्या एका शब्दावर माझं रक्त उकळलं. मी तिथल्या तिथे ठरवलं की आता मेलो तरी कुत्र्याचा पट्टा गायब करणार नाही.

चित्रं तपासायला बाईंनी इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक नेमले. आम्ही त्यांना तळटीप म्हणतो. कारण त्यांनी पाणी मागितलं तरी ते कुठल्या काळापासून मागितलं जात आहे, हे शेवटी जोडल्याशिवाय त्यांना राहवत नाही. प्रत्येक पानामागे तीन सह्या होणार होत्या. पहिली माझी, दुसरी इतिहास बरोबर असल्याची तळटिपांची, तिसरी भाषा बरोबर असल्याची बाईंची. तीन सह्या झाल्याशिवाय पान छापखान्यात जाणार नव्हतं. एवढा पक्का बंदोबस्त त्या किल्ल्यालाही नसेल.

आता कॉमिकमध्ये सगळ्यात अवघड काय असतं? लढाई नाही. घोडे नाहीत. (घोडे थोडे असतात.) अवघड असतं ते एकच माणूस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच दिसणं. त्यासाठी समोर जिवंत नमुना लागतो. तो ठेवायची ऐपत नसलेले सगळे चित्रकार जे करतात तेच मी केलं. मीच राजा झालो.

हात नुसता पाठीमागे लपवला तर खांदा पुढे येतो आणि राजा पाठ खाजवतोय असं वाटतं. इथे आमची ही कामाला आली. ही रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे वळणावर आणणं हा तिचा व्यवसाय. रोज सकाळी ती खास पट्टीने माझा डावा हात पाठीशी बांधून द्यायची. गाठ अशी की मला एकट्याला सुटायची नाही. ती संध्याकाळी परत येईपर्यंत मी खराखुरा एकहाती.

तिची सुट्टी असली की काम सोपं होतं. डोक्यावर पातेलं, हातात झारा, गळ्यात लाल चादर, असा मी भिंतीपाशी उभा राहायचो आणि ती समोरून फोटो काढायची. फोटो बघून मी चित्र काढायचो. तिची ड्युटी असली की मग कपाटाचा उभा आरसा. एकदा फोनला टायमर लावून पाहिला, तर फोटोत राजाचं पोट आलं, मुकुट आला नाही.

तेव्हा पद्धत अशी ठरली: ही घरी, तर फोटो. ही कामावर, तर आरसा. तुमच्यातल्या काही हुशार वाचकांच्या आत्ताच काहीतरी लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. काय हसायचं ते इथेच हसून घ्या, म्हणजे पुढे व्यत्यय नको.

काम झपाट्याने चाललं होतं. मधेच एका मंगळवारी कुरिअरवाला आला. मी पातेलं, झारा, चादर अशा थाटातच दार उघडलं. तो माझ्या रिकाम्या बाहीकडे बघतच राहिला.

"साहेब, हात?"

"पुलाच्या साखळीत गेला," मी म्हणालो. मी चोविसाव्या पानाच्या तंद्रीत होतो.

"कधी हो?"

"झाली असतील आठशे वर्षं."

त्याने पाकीट उंबऱ्यावर ठेवलं आणि सही न घेताच तो जिना उतरला. उतरताना खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्याने काय सांगितलं ते देव जाणे, पण दहा मिनिटांत काकू डब्यात सूप घेऊन दारात हजर झाल्या.

"तुम्ही काही बोलू नका," काकू म्हणाल्या. "मनावर परिणाम होतोच. आमच्या भाच्याचं करंगळीचं नुसतं नख गेलं, तर तो महिनाभर कुणाशी बोलला नव्हता."

"काकू, हात आहे. पाठीमागे आहे."

"तसं वाटतं हो. गेलेला हात आहे, असंच वाटत राहतं."

"अहो, खरंच आहे. पाठीशी बांधलाय. हिने बांधलाय."

काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, मग हात एकच आहे हे आठवून परत घेतला आणि टेबलावर ठेवला. "माणूस शिकलेला असला म्हणून काय झालं," एवढंच पुटपुटून त्या निघून गेल्या.

चार दिवसांत आमच्या गल्लीत दोन बातम्या सुखाने नांदू लागल्या. एक, माझा हात तुटला आणि त्यात डोकंही फिरलं. दोन, बायको मला बांधून घालून कामावर जाते. दोन्ही बातम्या हिच्या विभागात जाऊन पोचल्या. एका आजींनी खांद्याचे व्यायाम रद्द केले, कारण जिला घरचा हात सांभाळता आला नाही ती आमचा काय सांभाळणार. एक गुडघेवाले गृहस्थ आले, पण हिने पट्टी हातात घेतली की ते खुर्चीसकट मागे सरकायचे.

शनिवारी ही घरी आली ती पर्स फेकतच.

"आज साहेबांनी बोलावून विचारलं मला. घरी सगळं ठीक आहे ना? तुम्ही यजमानांना बांधता म्हणे?"

"मग सांगायचं ना, राजासाठी बांधते म्हणून."

"सांगितलं. त्यांनी मला दोन दिवस सुट्टी घ्या म्हणून सांगितलं!"

"तुला काय, सुट्टी मिळाली. माझं मुखपृष्ठ उद्या द्यायचंय."

हे वाक्य बोलायचं नव्हतं, हे मला बोलतानाच कळलं होतं. पण माझं असं आहे की मला कळतं आणि तरी वाक्य पूर्ण होतं. घरात अबोला सुरू झाला. आमचा अबोला म्हणजे नुसती शांतता नसते. त्यात भांडी जोरात ठेवली जातात.

रविवारी ती बाहेरच्या खोलीत आणि मी आतल्या. मी मफलर घेतला, दातांनी गाठ मारली आणि माझा हात मीच बांधला. अबोला आहे म्हणून राजा थांबत नाही. संध्याकाळपर्यंत मुखपृष्ठ पुरं झालं, आणि खोटं कशाला बोलू, तसं चित्र मी आयुष्यात काढलेलं नाही. खालच्या अर्ध्या भागात राजा समोर तोंड करून उभा, मुठीत तुटकी साखळी, पाठीवर केप. वरचं सगळं आकाश मी मोकळं सोडलं. तिथे माझं नाव येणार होतं.

तळटिपांनी पानं तपासायला तीन आठवडे घेतले. चार वेळा पानं परत आली. बाराव्या पानावर मुकुटाला सातऐवजी आठ टोकं आहेत. तिसाव्यावर बुटाची नाळ शंभर वर्षं पुढची आहे. खंदकातला मासा या हवामानात होत नाही. मी टोक खोडलं, नाळ खोडली, मासा बदलला. बाईंनी राजाच्या तोंडचे दोन स्वल्पविराम आणि एक अनुस्वार काढून टाकला. शेवटी प्रत्येक पानामागे तीन सह्या झाल्या आणि सगळं छापखान्यात गेलं. पाच हजार प्रती!

प्रकाशन होतं एका शनिवारी, दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या सभागृहात. त्या दिवशी सकाळी माझ्या दहा प्रती घरी आल्या. कुरिअरवाल्याने त्या उंबऱ्यावर ठेवल्या, बेल वाजवली आणि तो पळून गेला.

अबोला तोवर मिटला होता. ही नाश्ता करत होती. मी प्रत तिच्यासमोर धरली. नाव झाकलं जाऊ नये म्हणून पुस्तक खालून, राजाच्या छातीवर अंगठा ठेवून धरलं होतं.

"वाच."

तिने माझं नाव मोठ्याने वाचलं. मग आणखी एकदा वाचलं. "छान दिसतंय हो," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. बावीस वर्षं ती पगाराच्या पाकिटावर सोडून कुठे हे नाव छापलेलं पाहायची वाट बघत होती, हे मला तेव्हा कळलं. मला फार बरं वाटलं. ते साधारण दीड मिनिट टिकलं.

तिने पुस्तक घेतलं आणि मधेच उघडलं. चौदावं आणि पंधरावं पान. चहाचा कप खाली ठेवला. मग ती रुग्णाकडे बघते तशी त्या राजाकडे बघायला लागली.

"याचा कुठला हात गेलाय?"

"डावा. जगाला माहीत आहे."

"चौदाव्या पानावर उजवा गेलाय."

"काहीतरीच काय."

"आणि पंधराव्यावर डावा. सोळाव्यावर परत उजवा. अहो, हा एकहाती राजा आहे की आळीपाळीने हात वापरतोय?"

मी पुस्तक हिसकावून घेतलं. चौदाव्या पानावर राजा प्रजेसमोर उभा होता आणि म्हणत होता, "डावा दिला. उजवा तुमचाच आहे." त्याचा डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत शाबूत होता. त्या डाव्या हाताने तो स्वतःच्या रिकाम्या उजव्या बाहीकडे बोट दाखवत होता!

मी प्रत्येक पानाच्या समासात तारीख घालून ठेवतो. फ्रिजवर हिचा ड्युटीचा तक्ता लावलेला असतो. मूळ पानं काढली आणि दोन्ही समोरासमोर ठेवलं. ड्युटीचा दिवस, म्हणजे आरसा, म्हणजे हात उलटा. सुट्टीचा दिवस, म्हणजे फोटो, म्हणजे हात बरोबर. एकही अपवाद नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या राजाचा हात रुग्णालयाच्या तक्त्याप्रमाणे हजेरी लावत होता. तशी एकवीस पानं निघाली.

आरशात उलटं दिसतं हे मला माहीत नाही, असं समजू नका. पण चित्र काढताना मी बघत होतो त्या दोनच गोष्टी: एक हात आहे, एक हात नाही. दोन्ही जागच्या जागी होत्या. आणि खरं सांगू का, बावीस वर्षं एकाच चित्रात हळूच फेरफार करत बसलेला हात आहे माझा. त्याला सवयच लागलेली.

मी धावत कचेरी गाठली. बाई आणि तळटीप भाषणाची तयारी करत होते. मी चौदावं आणि पंधरावं मूळ पान समोर ठेवलं, "अशी एकवीस आहेत" एवढं म्हणालो आणि उभाच राहिलो. खुर्ची होती, पण आता ती माझी राहिलेली नव्हती.

बाईंनी पान उलटून मागच्या सह्या पाहिल्या. "प्राध्यापक, ही सही तुमची?"

"माझी," तळटीप म्हणाले. "पण मी मुकुट तपासत होतो. सात टोकं. संपूर्ण ग्रंथात मी ती एकशे साठ वेळा मोजली आहेत."

"आणि त्या मुकुटाखालचा राजा?"

"राजा आहे हे मी गृहीत धरलं होतं. पण ही शेवटची सही तर आपली दिसते."

"मी स्वल्पविराम बघत होते," बाई म्हणाल्या आणि मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. सह्या तिघांच्या असल्या तरी हात माझा होता.

तळटिपांनी घसा साफ केला. "एक मार्ग आहे. शेवटी एक टीप द्यावी. गेलेला हात कोणता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत."

"सभागृहाच्या खिडकीतून पुतळा दिसतो," बाई म्हणाल्या.

"मग टीप आखूड ठेवावी."

बाईंनी डोळे मिटले आणि फर्मान काढलं. आज पुस्तक फक्त दाखवायचं, उघडायचं नाही. मुलांच्या हाती द्यायच्या प्रत्येक प्रतीला चार बोटं रुंद सोनेरी फीत करकचून बांधायची. कार्यक्रम झाला की सगळ्या प्रती परत गोळा करायच्या आणि सोमवारी रद्दीत घालायच्या. "आणि तुम्ही," माझ्याकडे वळून बाई शांतपणे म्हणाल्या, "सोमवारपासून फरक ओळखा. गोगलगाय काढली नाहीत तरी चालेल."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी नुकतंच दोनदा वाचून दाखवलेलं नाव सोमवारी रद्दीत जाणार होतं. ही कपाटातून तिची चांगली साडी काढून बसली असेल, हे डोळ्यांसमोर आलं, आणि मी आपला गुपचूप फिती बांधायला बसलो.

चार वाजता सभागृह भरलं. पुढच्या पाच रांगांत दोन शाळांची मुलं. मागे पालक, त्यांत खालच्या काकू. माझे दोन्ही हात बघून काकूंनी शेजारच्या बाईंना कोपराने ढोसलं. "खोटा बसवलाय, पण कळत नाही हो," त्यांचा आवाज व्यासपीठापर्यंत आला. पहिल्या रांगेच्या टोकाला, मुलांशेजारी ही बसली होती, चेहऱ्यावर हसू आणि मांडीवर घट्ट धरलेली पर्स.

तळटीप भाषणाला उभे राहिले आणि मुकुटाविषयी बोलू लागले. पहिल्या टोकापासून सुरुवात केली. तिसऱ्या टोकापर्यंत मुलांनी दम धरला. चौथ्या टोकाला जाड चष्म्याच्या एका मुलीने फीत दातांनी ओढली. फीत सुटली. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मुलीने पहिलं पान उघडलं, नाक टेकेल इतकं जवळ नेलं आणि किंचाळली, "गोगलगाय आहे!"

हा शेवटचा घाव माझाच होता. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, पुलाच्या दगडावर, सवयीने गेलेली माझी सही.

"कुठे?" "दाखव!" "अरे, हे तर गोगलगायवाले काका!" पाच रांगा एकदम उठल्या. सटासट फिती सुटायला लागल्या. गोगलगाय आहे म्हणजे चुका आहेत, हे त्या पोरांना अक्षरओळखीच्या आधीपासून पाठ आहे.

"चौदाव्यावर आहे! हात उलटा!"

"सोळा पण!"

"एकोणीस! बावीस! सर, तुम्ही जरा गप्प बसा ना, मोजू द्या!"

तळटीप पाचव्या टोकावर होते. ते बसले. सगळं सभागृह आकडे ओरडत होतं आणि प्रत्येक आकडा माझ्या कपाळावर टपली मारल्यासारखा लागत होता. पालकही पोरांच्या हातून पुस्तकं ओढून घेऊन बघत होते. मी उठून खरं सांगून टाकायचं ठरवलं. निदान माफी तरी स्वतःच्या नावाने मागावी. मी माईकपर्यंत पोचलो, तेवढ्यात बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"शाब्बास मुलांनो," बाई म्हणाल्या. "तुम्ही बरोबर ओळखलंत! आपल्या गोगलगायवाल्या काकांनी या पुस्तकात मुद्दाम एकवीस चुका लपवल्या आहेत. जो सगळ्या शोधेल त्याला वर्षभर साप्ताहिक फुकट!"

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत हिने पर्स सोडून दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. रद्दीत जायच्या पाच हजार प्रती तीन आठवड्यांत संपल्या.

मग दुसरी आवृत्ती आली. शेवटी उत्तरांचं पान जोडलं, ते मीच तयार केलं. मूळ पानांवरच्या तारखा आणि फ्रिजवरचा तक्ता समोर ठेवून एकवीस आकडे काळजीपूर्वक लिहिले. आणखी एक छोटा बदल बाईंनी केला. "मुलांना तुमचं नाव माहीत नाही हो, गोगलगाय माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि मुखपृष्ठावरच्या मोकळ्या आकाशात माझ्या नावाच्या जागी एक भलीमोठी गोगलगाय येऊन बसली. मी विचारलं, खाली बारीक टायपात तरी नाव? "जागा नसते हो," बाई म्हणाल्या. पुढचे पाच राजे मला मिळाले. प्रत्येकात एकवीस चुका हव्या आहेत.

तरी मी मनाची समजूत घातली. निदान चुका तरी माझ्या ताब्यात होत्या. एकवीस म्हणजे एकवीस.

परवा त्या जाड चष्म्याच्या मुलीचं पत्र आलं. रेघांच्या कागदावर चारच ओळी. "काका, उत्तरांच्या पानावर तुम्ही एकवीस लिहिलंय. चुका बावीस आहेत. मुखपृष्ठ राहिलं. गोगलगायीच्या बरोबर खाली राजाला डावा हात आहे, उजवा नाही."

मी मूळ मुखपृष्ठ बाहेर काढलं. आहे. साखळी डाव्या मुठीत, उजवी बाही रिकामी. मी फ्रिजकडे धावलो. त्या तारखेवर बोट ठेवलं आणि हिला ओरडून विचारलं, "अगं, हा तर रविवार. तू घरीच होतीस!"

"होते की," ही आतून म्हणाली. "पण त्या रविवारी आपण बोलत नव्हतो. फोटो कोण काढणार होतं?"

आता तुम्ही विचाराल, दोन आवृत्त्या हातात आल्या, रोज उशाशी घेऊन झोपत होतात, तरी मुखपृष्ठावरचा राजा दिसला कसा नाही? काय सांगू. पहिल्या आवृत्तीत वर माझं नाव होतं, म्हणून मी खाली पाहिलं नाही. आणि दुसऱ्या आवृत्तीत ते नव्हतं, म्हणून पाहिलं नाही.